उन्हाची दिशा आणि पुण्याचे घर

घर घेताना आपण पुणेकर पुष्कळ गोष्टी पाहतो. मंदिर किंवा स्थानक किती जवळ आहे, मुलांची शाळा कोठे, पाणी किती वेळ येते, वाहन लावण्यास जागा आहे का, हे सर्व विचारून घेतो. बहुतेक घरांत मुख्य दाराची दिशाही आवर्जून पाहिली जाते. बँकेच्या नोकरीत गृहकर्जाची असंख्य प्रकरणे माझ्या नजरेखालून गेली. मालकी हक्काचे कागद, मंजूर नकाशा, मूल्यांकनाचा अहवाल, सारे जागच्या जागी असे. परंतु दुपारी चार वाजता या घरात ऊन कोणत्या भिंतीवर येते, याची नोंद एकाही कागदावर नसे. कर्ज पंधरा-वीस वर्षांत फिटते. त्या भिंतीशी मात्र कुटुंबाची गाठ रोज पडत राहते.

घराभोवतीची बाग, अंगण किंवा निदान गॅलरी कोणत्या बाजूस असावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा नाही. उन्हाळ्यातील झोप, हिवाळ्यातील वृद्धांची ऊब, स्वयंपाकघरातील उजेड, पावसाळ्यात दारापुढे साठणारे शेवाळ, हे सर्व त्या एका निवडीवर अवलंबून असते. आणि या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गावाचे वेगळे असते.

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत दक्षिणाभिमुख बागेची फार प्रशंसा आढळते. लंडन साडेएकावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरात भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो. अशा प्रदेशात दक्षिणेकडून येणारा प्रत्येक किरण मोलाचा, हे उघडच आहे. ऑस्ट्रेलियात हाच मान उत्तरेकडील बागेला मिळतो, कारण तेथे सूर्य उत्तरेकडून जातो. परदेशी स्थायिक झालेली आपली मुले तिकडे घर घेताना हे पाहतात, ते योग्यच आहे. तोच नियम पुण्यास लावला तर मात्र हिशेब जुळत नाही.

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. मे महिन्याच्या मध्यास एकदा आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच लोपते. शाळकरी मुले हा शून्य सावलीचा दिवस गच्चीवर जमून पाहतात. जुलैतील दिवस मात्र बहुधा ढगांत हरवतो. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावर ठरली आहे, त्याच्या बऱ्याच पश्चिमेस पुणे असल्यामुळे आपली खरी मध्यान्ह घड्याळात बारा वाजता नसून सुमारे बारा पस्तीसला होते. पश्चिमेचे ऊन घड्याळाच्या मानाने उशिरापर्यंत रेंगाळते, त्याचे एक कारण हेच.

या दोन दिवसांच्या मधल्या काळात, म्हणजे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, सूर्य दिवसभर आकाशाच्या उत्तर भागातूनच जातो. नेमक्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर या अडीच महिन्यांत थेट ऊन मुळीच पडत नाही. उलट उत्तरेची भिंत सकाळी आणि सायंकाळी तापते. २१ जूनच्या सुमारास सूर्य पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे उगवतो आणि तितकाच उत्तरेकडे कलून मावळतो. २२ डिसेंबरास तो तितकाच दक्षिणेकडून उगवतो आणि मध्यान्ही क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवर येऊन परततो. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. मेच्या अखेरीस सकाळी त्याच्यासमोर उभे राहिल्यास दरवाजाच्या दर्शनी बाजूवर तिरपे ऊन आलेले दिसते. हिवाळ्यात त्याच जागी दिवसभर सावली असते. पुण्याच्या उन्हाचा स्वभाव समजण्यास या एका दरवाजाची दोन ऋतूंतील दोन दर्शने पुरेशी आहेत.

पेठांतील जुन्या वाड्यांनी हा प्रश्न दिशेवर सोडलाच नव्हता. वाड्याची बाहेरची भिंत जाड, खिडक्या मोजक्या आणि गल्ली अरुंद. त्यामुळे बाहेरून ऊन फारसे आत शिरत नसे. उजेड यायचा तो मधल्या चौकातून, वरून. चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या आत खोल्या आणि चौकात तुळशीवृंदावन, अशी ती रचना. सकाळी पश्चिमेच्या ओसरीवर ऊन, दुपारी पूर्वेच्या. घरातील माणसे सावलीबरोबर जागा बदलत. धान्य निवडणे, पापड वाळवणे, दुपारी पाठ टेकणे, प्रत्येकाची वेळ आणि प्रत्येकाचा कोपरा ठरलेला असे. बागेसाठी वेगळी जागा नव्हती, पण आकाशाचा एक तुकडा प्रत्येक घराच्या मालकीचा होता.

पुढे शहर मुठेपलीकडे गेले. डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, लॉ कॉलेज रस्ता या भागांत बंगले उभे राहिले आणि चौकाची जागा घराभोवतीच्या बागेने घेतली. घर आतून मोकळे होते ते बाहेरून मोकळे झाले, आणि मग दिशेला महत्त्व आले. या भागाला निसर्गाने एक देणगी दिली आहे. वेताळ टेकडी त्याच्या पश्चिमेस आहे. टेकडीच्या पायथ्याशी सूर्य पंचांगातील वेळेच्या आधीच आड जातो आणि उन्हाळ्यातील तापलेली सायंकाळ लवकर निवते. शहराच्या पूर्व भागात, हडपसर-खराडीकडे, अशी आड नाही. तेथे मावळतीचे ऊन शेवटच्या क्षणापर्यंत भिंतीवर असते. म्हणजे एकाच शहरात, एकाच दिशेच्या दोन घरांचा अनुभवही सारखा नसतो.

बंगल्यांच्या जुन्या वस्तीतून एप्रिलमध्ये दुपारी चालत गेले की कोणते घर सुखी आहे हे फाटकातूनच कळते. ज्याच्या पश्चिमेस दाट झाड आहे, ते घर सुखी. कारण दक्षिणेचे ऊन आवरणे सोपे आहे. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर मार्चच्या अखेरीस मध्यान्ही तो सगळी खिडकी सावलीत घेतो आणि डिसेंबरात तिचा खालचा जवळजवळ अर्धा भाग उन्हाला मोकळा ठेवतो. सूर्य स्वतःच उन्हाळ्यात वर आणि हिवाळ्यात खाली जात असल्याने एकच छज्जा दोन्ही ऋतूंची कामे करतो. पश्चिमेस हा उपाय चालत नाही. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य तीसेक अंशांपर्यंत उतरलेला असतो. त्याचे ऊन छज्जाखालून सरळ आत येते आणि भिंतीवर समोरून आदळते. ही उष्णता भिंत साठवते आणि रात्री, नेमकी झोपण्याच्या वेळी, आत सोडू लागते. आतून पडदा लावून फारसे साधत नाही, कारण काचेतून आलेले ऊन तोवर घरात शिरलेले असते. ऊन बाहेरच अडले पाहिजे. तेथे झाड, वेल किंवा बाहेरून सोडलेली वाळ्याची ताटी हवी. झाड याहून अधिक करते. पानांतून पाणी बाष्परूपाने जाताना भोवतालची हवाही थोडी थंड होते.

मग पश्चिमेस कोणते झाड लावावे? याचे उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रेसकोर्सजवळील एम्प्रेस गार्डनमध्ये एक फेरी मारावी. जानेवारीतील पुष्पप्रदर्शनास आपण हौसेने जातो, परंतु झाडांची खरी परीक्षा उन्हाळ्यातच होते. बहावा त्या दिवसांत पाने गाळून फुलांच्या तयारीत असतो. गुलमोहराची सावलीही तेव्हा विरळ असते. दोन्ही झाडे डोळ्यांना सुखवितात, पण जेव्हा सावली हवी तेव्हाच ती हात आखडता घेतात. कडुनिंबाचे तसे नाही. त्याची पानगळ थोड्या दिवसांची, आणि गुढीपाडव्याला आपण त्याची कोवळी पाने घेतो, म्हणजे उन्हाची तीव्रता वाढण्यापूर्वी तो नव्या पालवीने तयार झालेला असतो. जांभूळ आणि बकुळ बारमाही हिरवे. पश्चिमेस यांपैकी एखादे झाड, भिंतीपासून पुरेशा अंतरावर, हा पुण्यासाठी उत्तम योग होय.

दक्षिणेस उलट विचार करावा. पुण्याचा हिवाळा गोड म्हणतात, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि फरशीचा गारवा म्हाताऱ्या गुडघ्यांना बरोबर शोधून काढतो. त्या दिवसांत दक्षिणेचे ऊन घरात आले पाहिजे. म्हणून तेथे हिवाळ्यात पाने गाळणारे झाड शोभते. देवचाफा त्या काळात निष्पर्ण असतो आणि ऊन मोकळे सोडतो. पूर्वेस पारिजातक, मोगरा, कढीपत्ता, डाळिंब अशी कमी उंचीची झाडे असली की कोवळे ऊन अडत नाही. वास्तुशास्त्र मानणारी मंडळी दक्षिण-पश्चिमेस मोठी झाडे आणि पूर्व-उत्तरेस मोकळीक सांगतात, त्याचा आपल्याकडील उन्हाच्या चालीशी बराच मेळ बसतो. मात्र आज आपण त्यातील दाराची दिशा तेवढी धरून ठेवली आहे आणि झाडाची व भिंतीची दिशा सोडून दिली आहे.

आपल्या घरांच्या दृष्टीने या विषयास आणखी एक बाजू आहे. जैन कुटुंबाचा दिवस सूर्याने बांधलेला असतो. नवकारशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, आणि चौविहार पाळणाऱ्यांचे भोजन-पाणी सूर्यास्तापूर्वी. पुण्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या आतच मावळतो. जुलैच्या आरंभी तो सव्वासातपर्यंत असतो. म्हणजे हिवाळ्यात सायंकाळचा स्वयंपाक चार-साडेचारलाच हाती घ्यावा लागतो. त्या वेळी स्वयंपाकघरात नैसर्गिक उजेड असेल तर धान्य, भाजी नीट पाहून घेता येते, एखादा सूक्ष्म जीव नजरेतून सुटत नाही. पूर्वेच्या स्वयंपाकघराला सकाळी भरपूर उजेड मिळतो, पण समोरच्या बाजूस उंच इमारत असली तर हिवाळ्यात दुपारनंतर तेथे दिवा लावावा लागतो. म्हणून स्वयंपाकघरास दोन बाजूंनी खिडक्या असतील तर ते मोठे भाग्य समजावे.

दारापुढील जागेचेही तसेच. पावसाळ्यात ज्या अंगणावर ऊन येत नाही तेथे शेवाळ धरते. शेवाळ म्हणजे अनंतकाय. त्यावर पाय पडू नये याची आपण काळजी घेतो, आणि साधू-साध्वीजी तर ओल्या, हिरव्या जागेवरून गोचरीस येऊच शकत नाहीत. हौसेने दाराशी हिरवळ लावली आणि चातुर्मासात महाराजसाहेबांना फाटकातून परत फिरावे लागले, तर त्या हिरवळीचा काय उपयोग? घरात येण्याची वाट फरसबंद, कोरडी आणि शक्य तेथे सकाळच्या उन्हाची असावी. हिरवळ आणि कुंड्या बाजूस असाव्यात. उन्हाची, वाऱ्याची जागा कोरडी राहते, तेथे किडे-डास कमी होतात आणि औषध फवारण्याची वेळही क्वचित येते. पूर्व किंवा ईशान्येस मोकळी गॅलरी असेल तर सामायिकासाठीही तीच जागा योग्य. सीमंधर स्वामींचे स्मरण करून ईशान्येकडे वंदन करण्याची आपली परंपरा आहेच.

सर्वांत महत्त्वाचे ते झाडाविषयी. भगवान ऋषभदेवांना वटवृक्षाखाली आणि भगवान महावीरांना शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले. वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानणाऱ्या आपल्या परंपरेत झाड ही घराची सजावट नव्हे. चुकीच्या दिशेस लावलेले झाड दहा-बारा वर्षांनी उजेड अडवते, भिंतीत मुळे घालते आणि मग ते तोडण्याचा विषय निघतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे आपल्याच आवारातील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. कायद्याची परवानगी मिळेलही, परंतु मनाची मिळत नाही. म्हणून रोप लावतानाच दिशेचा विचार करणे ही जयणा आहे. आपण पाणी गाळून घेतो, दिवा झाकून ठेवतो, त्याच जातीची ही काळजी आहे.

आता हा विचार तातडीने करण्याचे कारण. पुण्यात सध्या जुन्या सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या पुनर्विकासाचा काळ आहे. आपल्या समाजाची मोठी वस्ती असलेल्या मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क, महर्षीनगर, बिबवेवाडी या भागांत तीन-चार मजली इमारतींच्या जागी उंच इमारती येत आहेत. सोसायटीच्या सभांत चर्चा होते ती वाढीव क्षेत्रफळाची, भाड्याची, कॉर्पसच्या रकमेची, बँक हमीची आणि पार्किंगची. या सर्व बाबी आवश्यकच आहेत आणि त्यांत ढिलाई नको. परंतु आज आपल्या घरास मिळणारे सकाळचे ऊन उद्या मिळणार का, हे विचारणारा सभासद विरळा. बारा मजल्यांची इमारत साधारण छत्तीस मीटर उंच धरली, तर २२ डिसेंबरास मध्यान्ही तिची सावली उत्तरेकडे सुमारे बत्तीस मीटर लांब पडते, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास ती उंचीच्या पावणेदोन पट होते. त्या सावलीत येणाऱ्या खालच्या मजल्यांवर हिवाळाभर ऊन पोचत नाही. आणि बहुधा ज्येष्ठ सभासदच चढण्याचा त्रास नको म्हणून खालचे मजले मागून घेतात.

आपल्या इमारतीची सावली शेजाऱ्याच्या अंगणात पडते, हेही विसरता येत नाही. उत्तरेकडील बंगल्यातील वृद्ध जोडपे ज्या उन्हात रोज बसते, ते ऊन आपल्या वाढीव क्षेत्रफळाच्या बदल्यात जाते. नियमांनी सोडलेली अंतरे कायद्यापुरती असतात. शेजारधर्माचा विचार आपला आपणच करावयाचा असतो.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी वास्तुरचनाकाराकडून चार गोष्टी मागाव्यात. नकाशावर उत्तर दिशेचा बाण असतोच, त्याप्रमाणे आपल्या सदनिकेची कोणती भिंत पश्चिमेस येते, हे त्याच्याकडून खुणेने दाखवून घ्यावे. २२ डिसेंबर आणि एप्रिलमधील एखाद्या दिवसाचे सावलीचे रेखाटन मागावे. संगणकावर ते फारसे अवघड नाही. आवारातील जुन्या झाडांपैकी कोणती राहणार आणि कोणत्या बाजूची जाणार, हे लेखी घ्यावे. आणि पश्चिमेच्या भिंतीसाठी काय योजना आहे ते विचारावे. हल्ली पुष्कळ ठिकाणी विटांऐवजी काँक्रीटच्या पातळ भिंती ओततात. त्यांतून उष्णता अधिक सहज आत येते. पश्चिमेस खोल गॅलरी, जिना, कपाटे किंवा न्हाणीघर आल्यास शयनगृह वाचते. या मागण्यांसाठी एक चौरस फूटही सोडावा लागत नाही. फक्त त्या आराखडा मंजुरीस जाण्यापूर्वी कराव्या लागतात.

तयार घर विकत घेणाऱ्यांनी ते सकाळी अकरा वाजता पाहून निर्णय घेऊ नये. त्या वेळी प्रत्येक घर चांगले दिसते. दुपारी चार ते सहा या वेळेत जावे, पश्चिमेच्या भिंतीस हात लावून पाहावा. हिवाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास पुन्हा जाता आले तर अधिक चांगले. ज्यांना बाग करावयाची आहे त्यांनी रोप आणण्याची घाई करू नये. गच्चीत किंवा अंगणात एक काठी उभी करावी आणि दर महिन्याच्या २१ तारखेस सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करून वहीत नोंद ठेवावी. वर्षभरात एकूण छत्तीस नोंदी होतात. नातवंडांना हे काम दिले तर ती आनंदाने करतात आणि भूगोलाचा एक धडाही त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.

ज्यांचे घर आधीच ठरून गेले आहे, त्यांनाही पुष्कळ करता येते. पश्चिमेच्या गॅलरीत मोठ्या कुंडीतून मधुमालतीचा वेल तारेवर चढवला, तर काही पावसाळ्यांत हिरवा पडदा तयार होतो. उत्तरेच्या खिडकीत मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंतचे सहा महिने सोडल्यास थेट ऊन नसते. तेथे सावलीत वाढणारी झाडे ठेवावीत, तुळस ठेवू नये. तुळशीला ऊन हवे. ती पूर्वेस किंवा दक्षिणेस सुखाने राहते. दक्षिणेच्या खिडकीपुढील कपाट हलवून तेथे आई-वडिलांची खुर्ची ठेवली, तर डिसेंबरात दुपारचे ऊन त्यांच्या पायांवर येईल.

सूर्याची ही चाल ठरलेली आहे. ती बदलण्याचा किंवा मागे पडण्याचा संभव नाही. बँकेत ज्या व्यवहाराची तारीख आणि रक्कम इतकी निश्चित असते, तो सर्वांत सुरक्षित व्यवहार मानला जातो. येत्या २२ डिसेंबरास मध्यान्ही साडेबाराच्या सुमारास आपल्या घरात एकदा फिरून ऊन कोठवर आले आहे ते पाहावे, आणि सोसायटीच्या पुढील सभेत हा विषय मांडावा.